खडूचा सोडा

वहाणा काढून ठेवा आणि हे जाड कातडी बूट चढवा. लीड्सच्या मेडो लेनवर चिखल घोट्यापर्यंत येतो, आणि तो नुसत्या मातीचा नाही. त्यात घोड्यांची लीद आहे, कोळशाची भुकटी आहे, वरच्या मजल्यावरून कोणी ओतलेलं धुण्याभांड्यांचं पाणी आहे. साल 1768, इंग्लंडातला उन्हाळा. आपल्याकडच्या माणसाला हा उन्हाळा वाटणारच नाही, तेव्हा खांद्यावर शाल असू द्या.

जरा बाजूला व्हा! मिडल्टनच्या खाणीतला कोळसा घेऊन गाड्या येताहेत. लाकडी रुळांवरून घोडे त्या ओढत आणतात आणि चाकांचा करकराट दातांपर्यंत पोचतो. आकाशाकडे बघाल तर धुराड्यांचा धूर. नाकाला मात्र आणखी काहीतरी झोंबतंय. हे गाव लोकरीच्या कापडाचं आहे आणि लोकरीचा तेलकटपणा काढायला इथे शिळं मूत्र वापरतात. त्याचा भपकारा पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आणतो. घाबरू नका, थोड्या वेळानं नाक सरावतं.

आणि ते सरावलं की या सगळ्या वासांच्या खालून एक चौथा वास वर येतो. ऊबदार, आंबूस, भाजलेल्या पावाच्या जवळचा. त्याच्या मागे मागे चला. आपल्याला बिअरच्या कारखान्यात जायचंय.

दारातच वाफेचा लोट अंगावर येतो. मोठ्या तांब्याच्या कढईत जवाचं पाणी उकळतंय, त्यात हॉप्सची फुलं पडलीत आणि त्यांचा कडूपणा हवेतूनच जिभेवर उतरतो. कामगारांच्या सदऱ्यांच्या पाठी भिजून काळ्या पडल्यात. कोणी पिंप घरंगळवतंय, कोणी पलीकडच्या माणसाला ओरडून काही सांगतंय. या गोंधळात, डोक्यावर केसांचा टोप आणि अंगात साधा काळा कोट घातलेला एक सडपातळ माणूस लाकडाची पेटती ढलपी हातात धरून टाक्याकडे निघालाय. जोसेफ प्रीस्टली, वय 35. मिल हिल चॅपेलचे पाद्री. त्यांचं बिऱ्हाड या कारखान्याला लागूनच आहे. बोलताना ते अडखळतात, तेव्हा त्यांचं वाक्य मध्येच पूर्ण करायला जाऊ नका. त्यांच्या हाताकडे बघा.

टाक्यात बिअर आंबतेय. वर तपकिरी, जाड फेस. त्या फेसाच्या आणि टाक्याच्या काठाच्या मधे नऊ इंचांपासून फूटभरापर्यंत जागा रिकामी दिसते. ती रिकामी नाही. आंबणाऱ्या रसातून निघालेला वायू तिथे थर धरून बसलाय. या काळात त्याला ‘स्थिर हवा’ म्हणतात, आपण शाळेत कार्बन डाय-ऑक्साइड म्हणून शिकलो. प्रीस्टली ढलपी खाली नेतात आणि फेसाला टेकायच्या आधीच ज्योत विझते. आता नीट बघा, कारण हे दृश्य पुन्हा कुठे दिसायचं नाही. विझलेल्या ढलपीचा धूर वर उठत नाही, त्या न दिसणाऱ्या थरातच अडकून राहतो. त्याचा वरचा पृष्ठभाग सपाट, आखून काढल्यासारखा. खालची बाजू मात्र फाटकीतुटकी, लोंबणारी. हातानं जरासं हलवलं की धूर टाक्याच्या काठावरून सांडतो आणि जमिनीकडे उतरतो. हवा सांडताना तुम्ही कधी पाहिली होती?

आता तुम्ही वाका. फार खोल नाही! कामगार हसताहेत, पण त्यांना ठाऊक आहे की जास्त वेळ डोकं आत ठेवलं तर माणूस कोसळतो. नाकपुड्यांत एकदम झिणझिण्या येतात, घशाला चिमटा बसतो. ही झिणझिणी ओळखीची वाटली ना? सोडा घाईनं प्यायल्यावर नाकातून येते तीच.

प्रीस्टली या टाक्यावर काय काय धरून बघतात! फुलपाखरं धरली, ती निपचित पडली आणि मोकळ्या हवेत आणल्यावर पुन्हा हलू लागली. एक मोठा बेडूक टम्म फुगला, मेलाच असं वाटलं, पण तोही वाचला. गोगलगाय वाचली नाही. लाल गुलाब चोवीस तास धरला तर जांभळट झाला, दुसरा तर पार पांढरा पडला. कुतूहल म्हणून केलेले हे उद्योग. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देत नाही. मला हा माणूस इथेच आवडायला लागतो.

आज त्यांच्या हातात पाण्याचे दोन पेले आहेत. याआधी पाण्याच्या उथळ थाळ्या रात्रभर इथे ठेवून बघितल्या होत्या आणि सकाळी पाण्याला छान चव आली होती. पण रात्रभर थांबायचं कशाला? दोन्ही पेले फेसाच्या अगदी जवळ धरा आणि एकातलं पाणी दुसऱ्यात ओता. मग दुसऱ्यातलं पहिल्यात. चहा निववताना करतो तसं, पण हात टाक्याच्या आत. मनगटावर ऊब लागते, फेसाचे थेंब उडतात. दोन-तीन मिनिटं ओतत राहा. आता प्या.

पाणी आंबूस लागतंय. जिभेच्या टोकावर बारीक टोचण्या, आणि पेल्याच्या आतून मण्यांसारखे बुडबुडे वर निघालेत. जर्मनीतल्या पिरमाँट नावाच्या झऱ्याचं असंच पाणी बाटल्यांत भरून येतं. पोटाच्या तक्रारीवर डॉक्टर ते सुचवतात आणि पैसेवाले ते विकत घेतात. इथे ते विहिरीच्या पाण्यातून, शेजारच्या टाक्यावर, फुकटात झालं.

एक अडचण आहे. बिअरचं टाकं कोणाच्या घरी नसतं. प्रीस्टलींनाही वर्षभरात बिऱ्हाड हलवावं लागलं आणि ते टाकं सुटलं.

म्हणून आपण चार वर्षं पुढे उडी मारू. गाव तेच, 1772. यंदाच्या वसंतात प्रीस्टली लंडनला एका ड्यूकच्या घरी जेवायला गेले होते. तिथे समुद्राचं पाणी उकळून, वाफ धरून गोड केलेलं पाणी पाहुण्यांनी चाखलं. जहाजांवरच्या खलाशांसाठी ही युक्ती होती. पाणी निर्मळ, पण चव मेलेली. प्रीस्टलींना आपले ते दोन पेले आठवले. टाक्याशिवाय हे कसं करायचं?

बूट दारातच झटका आणि स्वयंपाकघरात या. कोळशाची चूल धगधगतेय. यॉर्कशरमध्ये ती कधी विझवत नाहीत, म्हणून तिच्या वरच्या फळीवर प्रीस्टलींनी आपल्या प्रयोगांतले उंदीर उबेला ठेवलेत. हो, उंदीर, स्वयंपाकघरात! या घराचा कारभार प्रीस्टलींच्या पत्नी मेरीबाईंच्या हातात आहे आणि त्यांनी तो इतका नीट ओढला की नवऱ्याला संसाराची चिंता करावी लागली नाही, असं नवऱ्यानंच लिहून ठेवलंय. आपण करणार आहोत तो पसारा त्यांच्या भांड्यांत होणार आहे, एवढं ध्यानात ठेवा आणि काही सांडलं तर पुसून घ्या.

आता बाह्या सरसावा. हा खल. यात खडू कुटा, अगदी बारीक. पांढरी धूळ नाकात जाते, ओठांवर बसते. खडू बुधलीत दोन तृतीयांश भरेपर्यंत घाला आणि तो जेमतेम बुडेल एवढं पाणी ओता. बुधलीला बूच हवं. बुचाला मधोमध भोक आणि भोकात पिसाची पोकळ नळी. त्या बुचाभोवती बांधलंय ते डुकराचं मूत्राशय, खाटकाकडून आणलेलं. बोटांना ते ओलसर, जरा गिळगिळीत लागतं. तोंड वाकडं करू नका. या काळात ज्यात वायू धरून ठेवता येईल अशी एवढी हलकी आणि दाबता येणारी पिशवी दुसरी मिळत नाही. मूत्राशयाच्या दुसऱ्या टोकाला कातड्याची नळी आहे, चांभार मेणाच्या दोऱ्यानं शिवतो तशी शिवलेली, दोन्ही टोकांना पुन्हा पिसाचे तुकडे. हे सगळं सामान एखाद्या गृहिणीला दुपारभरात जमवता येईल असं आहे, आणि प्रीस्टलींना नेमकं तेच हवं होतं.

आता पाणी. जितकं गार तितकं बरं, कारण गार पाणी वायू जास्त धरतं. अरुंद मानेची बाटली काठोकाठ भरा, तोंडावर कागदाची पट्टी दाबून धरा आणि... उलटी करा! धीर सोडू नका, पट्टी घट्ट दाबली असेल तर थेंबही गळत नाही. थोडं पाणी घातलेल्या वाडग्यात बाटली तशीच उलटी उभी करा आणि पट्टी हळूच काढून घ्या. पाणी बाटलीतच राहिलं. बघा, मेरीबाईंची फरशी वाचली.

पुढचं काम जपून. या कुपीत गंधकाम्ल आहे. खडूवर थोडंसंच सोडा. चर्रर्र आवाज, उकळीसारखा फेस, बुधली तळहाताला गरम लागते. मूत्राशयातली साधी हवा आधीच पिळून काढलीय ना? मग बूच लावा. थोडं फुगलं की एकदा आणखी पिळा, उरलीसुरली हवाही जाऊ दे. आता नळीचं टोक उलट्या बाटलीच्या तोंडात सरकवा आणि बुधली जोरजोरात हलवा. थांबू नका, थांबलात तर खडूच्या कणांवर जिप्समची साय धरते आणि वायू निघेनासा होतो. मूत्राशय हातात फुगत जातं, ताठ होतं. ते दाबा.

बुड्... बुडुड्... वायू बाटलीत चढला, पाणी वाडग्यात उतरू लागलं. निम्मी बाटली रिकामी दिसली की खरी मेहनत सुरू. तळवा बाटलीच्या बुडावर ठेवा आणि वाडग्यातलं पाणी न सांडता जितकी जमेल तितकी जोरात हलवा. दंड भरून येतात, कपाळावर घाम, पाठीमागून चुलीची धग. आपल्याकडे गोटी सोडा भरताना बाटल्या यंत्रात घालून गरागरा फिरवतात त्यामागेही हेच कारण आहे: वायू पाण्याला नुसता भेटून भागत नाही, तो घुसळावा लागतो. आणि बघा, बाटलीतलं पाणी परत वर चढतंय! पाण्यानं वायू पिऊन टाकला आणि त्याची जागा घेतली. पुन्हा मूत्राशय दाबा, पुन्हा हलवा, जवळजवळ पाण्याएवढाच वायू आत जाईपर्यंत. सगळं मिळून पाव तास.

ओता पेल्यात. हल्लीच्या बाटलीबंद पेयांत याच्या तिप्पट-चौपट वायू असतो, तेव्हा घशात स्फोट होणार नाही. ही टोचणी मऊ आहे, मागाहून येणारी. गिळल्यावर क्षणभर काही नाही आणि मग छातीतून ढेकर वर येते. द्या बिनधास्त.

तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. लिंबू! फडताळात आहे एक. साखरेचा मात्र शंकू आहे, दगडासारखा टणक; लोखंडी चिमट्यानं खडा तोडावा लागतो. लिंबू पिळा, साखर कुटून घाला आणि पेला लगेच वाडग्यावर धरा, कारण साखरेच्या प्रत्येक खरबरीत कणावर वायूला बुडबुडा धरायला जागा मिळते आणि सगळा पेला एका दमात फसफसून उतू जातो. बोटं चिकट, बाही भिजलेली, वाडग्यात लिंबाच्या बिया. घरातली पोरं दाराआडून डोकावताहेत. त्यांनाही घोटभर द्या.

पेल्यात एक बारीकसा नकोसा वास आहे, तुम्हाला आला असेल. जॉन नूथ नावाचे एक डॉक्टर पुढे हेच बोलून दाखवणार आहेत: पाण्याला मूत्राशयाचा वास मारतो. ते सगळं काचेचं, एकावर एक बसणारं देखणं उपकरण बनवतील आणि श्रीमंत घरांत ते मिरवलं जाईल. मग जिनिव्हात श्वेप नावाचा घड्याळं-दागिन्यांतला माणूस याच पाण्याचा कारखाना काढेल आणि त्याचं नाव बाटल्यांवरून जगभर जाईल. प्रीस्टलींनी पेटंट घेतलं नाही. त्यांनी ही सगळी कृती, पिसाच्या नळीपासून मेणाच्या दोऱ्यापर्यंत, एका पातळ पुस्तिकेत छापून मोकळी केली, कारण खलाशांना होणारा स्कर्व्ही या पाण्यानं बरा होईल अशी त्यांना आशा होती. स्कर्व्ही त्यानं बरा होत नाही; त्याला तुम्ही आत्ता पिळलंत ते लिंबू लागतं. पण समुद्रावर मरणाऱ्या अनोळखी माणसांसाठी एक जण स्वयंपाकघरात खडू कुटत बसला आणि जमलं ते सगळ्यांना सांगून टाकलं, याचं मोल मला श्वेपच्या सगळ्या बाटल्यांहून मोठं वाटतं.

पेला रिकामा झाला का? बुधलीतला खडू संपत आलाय, राहिलाय तो जिप्समचा चिखल. तो ओतून टाका आणि नवा खडू खलात घ्या. दुसरी बाटली तुम्ही एकट्यानं करायची, आणि त्याआधी ते मूत्राशय कोमट पाण्यानं दोनदा स्वच्छ धुवायचं.