आडव्या इंजिनाची कुळकथा

स्प्लेंडरकडे एकदा बाजूनं बघा. बुलेटचा सिलिंडर उभा असतो. हिचा जवळजवळ आडवा, थेट पुढच्या चाकाकडे तोंड केलेला. या आडवेपणाचं मूळ जपानात, १९५८ साली आलेल्या होंडा सुपर कबमध्ये आहे.

कंपनीचा व्यवहार सांभाळणाऱ्या ताकेओ फुजिसावांना सामान्य माणसाची गाडी हवी होती. नूडल्स पोहोचवणाऱ्या पोऱ्याला ती एका हातानं चालवता आली पाहिजे, अशी त्यांची अट. त्या काळी छोट्या गाड्यांना टू-स्ट्रोक इंजिन असायचं: बनवायला सोपं, स्वस्त, पण धूर सोडणारं आणि पेट्रोलबरोबर ऑइलही पिणारं. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडांनी ५० सीसीतही फोर-स्ट्रोकच बसवायचं ठरवलं. एवढ्याशा इंजिनात व्हॉल्व्ह, कॅम वगैरे कोंबायचं म्हणजे खर्चाचं काम, तरी त्यातून साडेचार अश्वशक्ती काढली.

मग सिलिंडर आडवा केला. त्यामुळे हँडल आणि सीटच्या मधली जागा मोकळी झाली आणि पाय उंच न टाकता गाडीवर बसता येऊ लागलं. पेट्रोलची टाकी सीटखाली गेली. पण चाकाचा चिखल आता थेट इंजिनावर आणि पायांवर उडणार, म्हणून प्लॅस्टिकचं लेग शील्ड आलं. क्लच आपोआप चालणारा, म्हणून डावा हात रिकामा. इंडिकेटरचं बटणसुद्धा उजवीकडे.

आपल्याकडे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली ती याच घराण्यातलं ९७.२ सीसीचं इंजिन घेऊन. आडवेपण राहिलं; टाकी मात्र पुन्हा वर चढली आणि डाव्या हाताला क्लच आला. मोकळ्या जागेसाठी आडवं केलेलं इंजिन, आणि ती जागाच बुजवली! त्याच सुमारास यामाहाची आरएक्स १००, सुझुकी, आकुर्डीच्या बजाजची कावासाकी, सगळ्या टू-स्ट्रोक. पिकअप त्यांचा, अ‍ॅव्हरेज हिचं. १९९४ साली स्प्लेंडर आली आणि गावोगावी दुधाचे कॅन तिच्यावर लटकले.

पेट्रोल भरा आणि विसरून जा, असं हिरो होंडाची जाहिरात सांगायची. तेवढं मात्र ऐकू नका. हिच्या पोटातल्या जेमतेम लिटरभर ऑइलवरच इंजिन, गिअर आणि क्लच असं तिघांचं भागतं. ते वेळेवर बदला.