जनावरांच्या औषधांची कंपनी बाजारात
१ फेब्रुवारी २०१३

फायझरची पशुऔषध शाखा ‘झोएटिस’ या नावाने न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली. २६ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ३१ डॉलरवर बंद झाला. ही विक्री सुमारे २२० कोटी डॉलरची होती.

शाखा १९५२ची. मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले फायझरचे टेरामायसिन हे प्रतिजैविक माणसांसाठी आले, ते आजारी गुराढोरांना आणि कोंबड्यांनाही लागू पडले. पशुखाद्यात सरसकट प्रतिजैविके मिसळण्याची खोडही त्याच काळातली. तिची झळ आज माणसांनाही बसते आहे. पुढे फार्मासिया आणि वायेथ या औषध कंपन्या फायझरच्या ताब्यात आल्या, तेव्हा त्यांच्या जनावरांच्या लसीही आल्या. जून २०१३मध्ये फायझरने झोएटिसमधला उरलेला हिस्साही सोडला.