शोध व बचाव : सातपुड्याच्या पायथ्याची एक घटना

हेलिकॉप्टरने माणसे वाचविण्याच्या कार्याचा इतिहास बव्हंशी समुद्राच्या साहचर्याने घडला आहे. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकटच्या किनाऱ्यालगत वादळात खडकावर अडकलेल्या एका तेलवाहू बार्जवरील दोन माणसांना सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरने दोराने वर उचलून घेतले. नागरी बचावकार्याचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानला जातो. भारतात नागरी हेलिकॉप्टरांचा विस्तार झाला तोही समुद्रातील तेलाच्या निमित्ताने. १९७४ साली ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले, आणि १९८५ साली पुढे ‘पवन हंस’ या नावाने प्रसिद्धीस आलेली सरकारी कंपनी स्थापन झाली. तेलविहिरींवरील माणसांची ने-आण करणे हे तिचे प्रमुख काम होते व जुहू हे तिचे महत्त्वाचे ठाणे होते. संकटसमयी आकाशातून येणारी मदत मात्र मुख्यतः वायुसेना, नौदल व तटरक्षक दल यांचीच राहिली.

समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशात या कार्याचे स्वरूप काय असते, हे १६ जुलै २०२१ रोजी दिसून आले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथून निघालेले एक प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावानजीक सातपुड्याच्या डोंगराळ भागात कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. प्रथम आलेल्या वार्तांत ‘हेलिकॉप्टर कोसळले’ असेच म्हटले होते. आकाशातून अकस्मात काही खाली आले, की लोकांच्या मुखी तेच नाव प्रथम यावे, इतका हा परका शब्द रूढ झाला आहे, असे यावरून म्हणता येईल.

परंतु मदत आली ती दुसऱ्याच शब्दाच्या रूपाने. परिसरातील आदिवासी बांधव धावून गेले. एका स्त्रीने अंगावरचे लुगडे सोडून दिले, त्याची झोळी करण्यात आली, आणि त्या झोळीतून जखमी तरुणीला डोंगरातून खाली आणण्यात आले. ‘झोळी’ म्हणजे भिक्षेकऱ्याची पिशवी, तान्ह्या मुलाचा पाळणा; आणि सातपुड्यातील रस्ता नसलेल्या पाड्यांवर रुग्णाला व अडलेल्या बाळंतिणीला वाहून नेण्याचे साधनही तेच.

प्रशासनाच्या परिभाषेत ‘शोध व बचाव’ अशी जोडी योजली जाते. तीतील ‘शोध’ या पदाकडे सहसा दुर्लक्ष होते. वर्डीच्या डोंगरात ही दोन्ही कामे तेथील रहिवाशांनीच केली, कारण ते तेथे होते आणि त्यांना वाटा ठाऊक होत्या. हेलिकॉप्टर कितीही वेगवान असले तरी पहिली घटका जवळच्या माणसाचीच असते. मात्र या गौरवाने एक गोष्ट झाकली जाऊ नये. ज्या झोळीने त्या दिवशी एक जीव वाचविला, तीच झोळी अनेक पाड्यांवर आजही रस्त्याच्या अभावी वापरावी लागते. तेथे ती पराक्रमाची खूण नसून नित्याची अगतिकता आहे.