दागिन्याची पाठ

बोईसर स्थानकात उतरून चिंचणी-तारापूरचा रस्ता धरला, की बहुतेकांना आठवतो तो 1969 पासून वीज देणारा अणुऊर्जा प्रकल्प आणि त्याच्या जवळची औद्योगिक वसाहत. याच परिसरात एक नाजूक कसबही नांदते आहे, सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरण्याचे. धातूच्या ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची. तिच्यावर पातळ पत्रा ठेवून दाब दिला, की तीच नक्षी सुलटी, उठावदार होऊन बाहेर येते. जुन्या दागिन्यांच्या, विशेषतः स्मरणाच्या दागिन्यांच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या वाचकांनी हे काम एकदा डोळ्यांनी पाहावे. दागिन्याला पाठही असते, हे तिथे सहज उमगते.

स्मरणाच्या दागिन्यांचा छंद म्हटला, की आधी डोळ्यांपुढे येतात युरोपातले ब्रोच. 1861 मध्ये पती प्रिन्स अल्बर्ट वारले आणि राणी व्हिक्टोरियाने अखेरपर्यंत काळा पोशाख सोडला नाही. इंग्लंडातल्या व्हिटबीच्या जेट नावाच्या काळ्याभोर दगडाचे दागिने त्या काळात घरोघरी गेले. कित्येक ब्रोचच्या पाठीला गेलेल्या माणसाच्या केसांची बट काचेखाली असे, शेजारी नाव आणि तारीख. फ्लॉरेन्सचे कारागीर काळ्या दगडात रंगीत दगडांच्या चकत्या बसवून फुले उमलवीत. ताजमहालाची पच्चीकारी पाहिलेल्या डोळ्यांना हे काम परके वाटणार नाही.

आपल्याकडे शोक पाळला गेला तो दागिने उतरवून. मंगळसूत्र तुटले, बांगड्या फुटल्या. तरीही गेलेल्या माणसाचा दागिना आपल्याकडे होताच. बिजवराला दिलेली मुलगी गळ्यात सवतीचा लहानसा टाक घालीत असे. जिला कधी पाहिले नाही, जिच्या संसारात आपण आलो, तिची प्रतिमा रोज छातीशी बाळगायची! त्यात धास्ती होती, तसा मानही होता. देवघरातले पितरांचे आणि वीरांचे टाक याच कुळातले.

असा टाक हाती आला, तर आधी तो उलटा करून पाहा. दर्शनी चेहरा गंध लावून लावून गुळगुळीत झालेला असतो. पाठ मात्र बोलते. चांदीच्या पत्र्याला तांब्याची पाठ आहे का, कडी नंतर बसवली आहे का, कुठे डाग देऊन सांधले आहे का, हे तिथे कळते. खाचांत बसलेले कुंकू घासून काढू नका. तोही पुरावाच आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, हेही नवख्या संग्राहकाने ध्यानात ठेवावे.

संग्रहासाठी पैसा लागतोच असे नाही. बरेच जुने टाक बाजारात येतच नाहीत. ते सोनाराकडे मोडीत जातात, आणि त्यांच्याबरोबर नावेही वितळतात. तेव्हा वाचकांनी पहिली नोंद आपल्याच घरातून करावी. हा टाक कुणाचा, हे सांगणारी आजी आहे तोवर तिला विचारून लिहून ठेवा. वजन आणि किंमत सांगणारे पुढेही भेटतील.