परदेशी पार्ट

'लोखंडानं भुईत विष उतरतंय,' असं आमच्या आज्याच्या तोंडून मी लहानपणी ऐकलंय. त्याच्या आधीच्या पिढीचं तर ते ठाम मत होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तर पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. करणारा माणूस आपला, भाषा आपली, तरी कुणी हात लावेना. पुढं १९१० साली ते कुंडलजवळच्या माळावर आले, किर्लोस्करवाडी वसली आणि हळूहळू लाकडी नांगर वळचणीला गेले. पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, आणि त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडाला माणसं विष म्हणत होती त्याच्यासाठी तोफा गाळायची वेळ आली.

परदेशी मालाचा राग हा नंतरचा, स्वदेशीच्या चळवळीतला. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला. शाळेत आम्हाला कापडाचं सांगितलं, लॉरीचं कुणी सांगितलं नाही. त्या काळात आपल्या देशात ट्रक बनतच नव्हता. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, पण सुटे भाग बोटीनं यायचे. म्हणजे कापड परदेशी आणि ते वाहणारी लॉरीही परदेशीच. पण कापडाला पर्याय होता, घरोघर चरखा फिरवता येत होता. पिस्टन काही चरख्यावर निघत नाही.

आमच्या घरातही तसंच होतं. वडील जन्मभर खादी ल्याले, पण विहिरीवरचं इंजिन विलायती. जुनंच, एका सावकाराकडनं घेतलेलं. त्याचा भुक-भुक आवाज दोन मैलांवर जायचा. खडकीला १९४६ साली किर्लोस्करांचा ऑईल इंजिनचा कारखाना निघाला, शेजारपाजारच्या विहिरींवर ती इंजिनं बसली, तरी वडिलांनी आपलं सोडलं नाही. कुणी छेडलं तर म्हणायचे, "अंगावरचं कापड माझं हाय, पाणी पिकाचं हाय." यावर कोण काय बोलणार?

मोटारगाड्यांच्या बाबतीत सरकारनं १९५३ साली एक गोष्ट केली. इथं सुटे भाग बनवायची तयारी नसेल त्यांनी नुसत्या गाड्या जोडायचं बंद करावं, असं ठरवलं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. त्या धोरणाला आता पुष्कळ लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही, कारण चिंचवड, आकुर्डी, सातपूर इथं पुढं जे सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले त्यात आमच्या भागातली शेकडो पोरं पोटाला लागली. पण त्या धोरणाचा फटकाही आम्हीच खाल्ला, तो असा.

देशात ट्रॅक्टर बनायला १९५९ नंतर सुरुवात झाली. आधी आयशर, मग महिंद्राचा इंटरनॅशनल, १९७१ ला एचएमटीनं पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाचा झेटर बनवायला घेतला, १९७४ ला स्वराज आला. तरी मागणी पुरी होईना, नंबर लावून वर्षं-वर्षं थांबावं लागे. म्हणून आमच्या भावकीनं १९७८ साली पूर्व युरोपातनं आलेला एक जुना ट्रॅक्टर घेतला. मी नुकतीच दहावी करून घरी बसलेलो, सगळ्यात जास्त मीच त्यावर बसायचो. गावात रुबाब होता, 'इंपोर्टेड' म्हणून माणसं हात लावून बघायची.

दुसऱ्या वर्षी ऐन रब्बीच्या तोंडाला गिअरबॉक्समधला शाफ्ट तुटला. दुकानदार म्हणाला, माल बाहेरनं येतो, परमिट नाही. तेवीस दिवस ट्रॅक्टर वावरात उभा. वापसा गेला, हरभरा बैलांनी पेरला, निम्मा उगवला. शेवटी चुलता तुटका शाफ्ट पोत्यात घालून कोल्हापूरला उद्यमनगरात गेला. तिथल्या एका टर्नरनं तो नुसता हातात फिरवून बघितला, मोटारीच्या जुन्या अॅक्सलचं पोलाद लेथवर चढवलं, दात पाडले, भट्टीत तापवून पाणी दिलं. तो शाफ्ट अकरा वर्षं टिकला. मूळचा दोन वर्षंही टिकला नव्हता. तरी ट्रॅक्टर विकायला काढला तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, "शाफ्ट लोकल हाय, पैसे कमी करा."

पुढं १९८५ च्या सुमारास जपानी गाड्यांचं वेड आलं. यामाहाची आरएक्स १०० घेणारा पोरगा आधी विचारायचा, पार्ट जपानचे आहेत ना? आणि २००१ ला आयातीवरची बंधनं उठली, मग चायना माल आला. त्याच 'बाहेरच्या' मालाला आता नाक मुरडायचं. चले तो चांद तक, असं म्हणत घ्यायचाही. फवारणीचा पंप दर हंगामाला नवा घेतला तरी परवडतो, असा हिशेब. मला तो हिशेब चूक वाटत नाही. हातात पैसाच तेवढा असतो.

२०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले जवान गेले. गावात पोरांनी चिनी माल घ्यायचा नाही अशी शपथ घेतली. पुढच्याच महिन्यात सरकारनं पॉवर टिलर आणि त्याच्या इंजिन-गिअरबॉक्ससारख्या भागांच्या आयातीवर निर्बंध घातले. शपथ घेणाऱ्यातल्याच एकानं आदल्या वर्षी कर्ज काढून चिनी टिलर घेतलेला. त्याचा गिअर गेला आणि तो महिनाभर तालुक्याची दुकानं हिंडला. शपथेबद्दल त्याला मी काही विचारलं नाही. त्यालाही उद्यमनगरचा पत्ता दिला.

माझा पुतण्या चाकणला कामाला आहे. त्याच्या कारखान्यातले पार्ट जर्मनीला जातात. मुंढव्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट तर कधीपासून अमेरिका-युरोपच्या ट्रकांत बसतात, सणसवाडीला बनलेले जॉन डिअर ट्रॅक्टर अमेरिकेत जातात. पुतण्या सांगत होता, तिकडून तपासणीला माणसं येतात, एकेक नग काचेखाली धरून बघतात. एक म्हातारा जर्मन दर खेपेला तेच विचारतो, इथलं पोलाद टिकेल ना? साहेब त्याला आकडे दाखवतात, कागद दाखवतात.

"मग पटतं का त्याला?" मी विचारलं.

"ऑर्डर देतो," पुतण्या म्हणाला. "पण पुढच्या खेपेला परत विचारतो."