पारनेरच्या घरांतील पहिला संगणक

घरगुती संगणकाचा इतिहास अनेकदा 1982 साली ब्रिटनमध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमपासून सांगितला जातो. हे छोटे यंत्र घरच्या टीव्हीला जोडले जाई, त्यात गाण्यांच्या साध्या कॅसेटवरून प्रोग्राम भरला जाई आणि शाळकरी मुले बेसिक या सोप्या संगणकभाषेत स्वतःच आज्ञा लिहीत. सेनापती बापटांचे जन्मगाव असलेल्या अवर्षणप्रवण पारनेरला हा कालक्रम लागू पडत नाही. भारतात 1984 च्या क्लास या सरकारी प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले खरे. परंतु तालुक्याच्या गावी घरोघरच्या संगणकाची गोष्ट आणखी दीड-दोन दशकांनी सुरू झाली, आणि तीही मुलांच्या हौसेपेक्षा मोठ्यांच्या परीक्षेमुळे.

2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोचला आणि शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक असल्याने शिक्षक, तलाठी व ग्रामसेवक क्लासच्या बाकांवर बसू लागले. भारत 1997 मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यानंतर सुट्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले होते. त्यामुळे नगर-पुण्याच्या दुकानांतून ‘असेंबल्ड’, म्हणजे निरनिराळे भाग जुळवून केलेला, संगणक नोकरदार कुटुंबाच्या आवाक्यात आला. बाहेरच्या खोलीत फुगीर काचेचा मॉनिटर कापडी आच्छादनाखाली झाकलेला असे, चप्पल घालून त्याच्याजवळ जाण्यास मनाई असे, आणि खंडेनवमीला विळा-कोयत्याच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू व झेंडूचे फूल मिळे. वडील सरावाची प्रश्नपत्रिका सोडवून उठले की ‘डेव्ह’ हा खेळ किंवा पेंटमधली चित्रे यांवर मुलांचा हक्क सुरू होई, आणि या पिढीच्या आठवणींतली खरी गोडी त्या उरलेल्या वेळातच आहे.

तो वेळही विजेच्या हाती होता. 2005 च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले, तेव्हा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटे बॅटरीवर यंत्र चालू ठेवणारा खोका, नसलेल्या घरी पडदा एकाएकी काळा होई. वीज आल्यावर विंडोज 98 सुरू होण्याआधी स्कॅनडिस्क हा तपासणीचा कार्यक्रम हार्ड डिस्क चाळू लागे आणि निळ्या पडद्यावरची पिवळी पट्टी हळूहळू भरेपर्यंत भावंडे खुर्चीसाठी भांडत बसत.

मराठीची अडचण याहून चिवट होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची सॉफ्टवेअर यांत अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वेगवेगळे असल्याने, घरी टंकलेला मजकूर फ्लॉपीवरून दुसऱ्या संगणकावर नेला आणि तेथे तोच फाँट नसला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. सर्व लिपींना सामाईक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत सर्वत्र रुळण्यापूर्वी अशा घरांत लिहिलेली निमंत्रणे, अर्ज आणि मुलांचे निबंध आज मूळ फाँटखेरीज सहज वाचता येत नाहीत. तालुक्याच्या अलीकडच्या इतिहासाचे हे साधन जुन्या फ्लॉपी निकामी होण्याआधी युनिकोडमध्ये उतरवून घेण्याजोगे आहे.