आजीची मशेरीची डबी

तंबाखू मुळात आपल्याकडची नव्हे; सुमारे चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी ती आणली. पुरुषांनी विडी धरली, बायकांनी दात घासायच्या निमित्ताने मशेरी. इथे गणपतीपुळ्यात माझ्या आजीची डबी आईकडे आली. तव्यावर तंबाखू भाजताना मी आईच्या कडेवर असायची. तो धूर माझ्याही छातीत गेला.

२००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरी-तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली.

सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते, हळूहळू ओसरतं. १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो. गटातली एक मैत्रीण सोबत घ्या. आणि तोवर निदान घरात मशेरी भाजू नका. डबी लेकीच्या हाती जायला नको.